स्लंप १२० आला, पण पाणी किती गेलं?

नमस्कार. स्लंप टेस्टवरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप दोन. (ताज्या काँक्रीटने भरलेला कोन उचलला की ढीग जितके मिमी खाली बसतो, तो स्लंप.) कोन भरतानाचा प्रत्येक थर मी १०० मिमीचा लिहिला, ते चूक आहे. आणि दुबईच्या उन्हात ८० वर आलेला स्लंप काँक्रीटच्या गाडीत १०० लिटर पाणी घालून १२० केला, टेस्ट पास झाली, मग बिघडलं काय?

पहिला आक्षेप सपशेल मान्य, लेख दुरुस्त करतो. तुमच्याकडे लागू असलेल्या एएसटीएम सी १४३ या अमेरिकन मानकात तीन थर समान उंचीचे नसतात, समान घनफळाचे असतात. कोन खाली २०० आणि वर १०० मिमी, म्हणून पहिला थर ७० मिमीपर्यंत आणि दुसरा १६० पर्यंत. तळाला १०० भरलंत तर जवळजवळ निम्मा माल तिथेच बसतो आणि त्याच्या वाट्याला सळईचे ठोके तेवढेच २५. खालचा भाग पोकळ राहतो, कोन उचलला की ढीग एका अंगाला घसरतो. आपल्या १९५९ च्या आयएस ११९९ या भारतीय मानकात चार थर होते आणि मोजमाप ढिगाच्या सर्वांत उंच बिंदूपर्यंत. सी १४३ माथ्याच्या सरकलेल्या मध्यापर्यंत मोजतं. कलंडलेल्या ढिगावर दोन्हींचे आकडे जुळणार नाहीत, तेव्हा सरमिसळ नको.

दुसरा मात्र मान्य नाही. सहा घनमीटरची गाडी, घनमीटरला ३५० किलो सिमेंट, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ धरा. एकूण सिमेंट २१०० किलो, पाणी ९४५ लिटर. त्यात १०० लिटर घातलं की प्रमाण जवळपास ०.५०. कोनाला यातलं काही कळत नाही. अ‍ॅडमिक्श्चरने (काँक्रीटमध्ये घालायच्या रसायनाने) आलेला १२० आणि पाण्याने आलेला १२० पट्टीवर सारखेच दिसतात. फरक २८ दिवसांच्या क्यूबच्या ताकदीत दिसतो, तोवर स्लॅब ओतून झालेला असतो.

म्हणून आकडा लिहून झाला की लगेच ढीग मोडू नका. सळईने ढिगाखालच्या पत्र्याच्या कडेला हलकेच टिचकी मारा. चिकट माल एकसंध खाली बसतो. खडी सुटून ढासळली तर माल रखरखीत आहे. कडेने पाण्याची कड सुटलेली दिसली तर पाण्याचा संशय आधी घ्या. आणि ढिगाचा एक भाग तुटून घसरला तर तो आकडा धरायचाच नाही, त्याच नमुन्याच्या दुसऱ्या भागावर टेस्ट पुन्हा घ्यायची. दुसऱ्यांदाही तसंच झालं तर त्या मालासाठी ही टेस्टच लागू नाही.

स्लंप कमी आला तर बॅच-स्लिप (गाडीसोबत काँक्रीट प्लांटवरून आलेली मालाची पावती) बघा. प्लांटने राखून ठेवलेलं पाणी त्यावर असेल तर तेवढंच, एकदाच घाला; नसेल तर सुपरप्लास्टिसायझरचा (पाणी न वाढवता माल पातळ करणाऱ्या रसायनाचा) डोस, तोही प्लांटला विचारून. मग ड्रम मिक्सिंगच्या वेगाने ३० फेरे फिरवून नवा नमुना घ्या. उन्हात पत्रा आणि कोन ओले करायला विसरू नका. तापलेल्या कोरड्या पत्र्याला माल चिकटतो आणि स्लंप खोटाच कमी दिसतो. तुमचा ८० तसाच आला नव्हता ना, एवढं आधी तपासा.