फुकटची चाकं

परवाच्या रविवारी पवन मावळात माझी पिकअप रुतली. रुतण्याचं मला काही वाटत नाही. भातलावणीच्या दिवसांत त्या वाटेवर ट्रॅक्टर रुततो, आणि मागे एकदा तो काढायला आलेला दुसरा ट्रॅक्टरही रुतला होता. माझा राग आहे तो छत्रीवाल्या आबांवर.

गाडी जुनी, पण फोर बाय फोर. विकणाऱ्याने बॉनेटवर थाप मारून "हत्ती आहे साहेब" म्हटलं, आणि मी माहूत होण्यासाठी महिनाभर रात्री जागून व्हिडिओ पाहिले. त्यामुळे चाक फसताच सगळी विद्या बाहेर काढली. छोटा लिव्हर फोर-एचवर, म्हणजे चारही चाकं, नेहमीच्या वेगाला. डॅशबोर्डवर दिवा लागला, गाडी ढिम्म. मग गाडी पूर्ण थांबवून, क्लच तळापर्यंत दाबून फोर-एल, म्हणजे चारही चाकं, पण वेग कमी आणि जोर जास्त, ज्याला 'लो' म्हणतात. गिअर दुसरा, कारण लोमध्ये पहिल्या गिअरला जोर इतका येतो की चिखलात चाक जागच्या जागी भिरभिरतं. क्लच अलगद सोडला. मागचं डावं चाक तरीही भिरभिरलं आणि घमेलंभर चिखल बांधावर उडाला.

बांधावर आबा होते. उकिडवे, ओठांत विझलेली बिडी, शेजारी चौथी-पाचवीतला नातू. त्यांनी छत्री शांतपणे झटकली.

"म्हशी पन अशाच बसत्यात," ते म्हणाले.

"आबा, फोर व्हील आहे. निघेल."

"म्हंजी?"

"चारही चाकांना ताकद जाते."

आबा उठले. देवळाला घालतात तशी गाडीला सावकाश प्रदक्षिणा घातली. "चार म्हंता. फिरतंय तर येकच."

आता गप्प बसावं की नाही? मी भर पावसात त्यांना डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणारे गिअर, समजावू लागलो. ॲक्सलच्या दोन चाकांपैकी ज्याला पकड नाही तेच नुसतं गरागरा फिरतं, पकड असलेलं उभं राहतं.

"म्हंजी जो काम करीत न्हाय त्यालाच समदं?"

"तसंच काहीसं."

"आमच्या थोरल्यागत हाय मंग." बिडी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेली. "पन पुडं बी ॲक्सल असंल की. तितलं येक का फिरंना?"

हा प्रश्न मला पडायला हवा होता. महिनाभर व्हिडिओ मी पाहिले होते, आबांनी नाही. उत्तर शोधायला मी पुन्हा लिव्हर खडखडवला. तेवढ्यात नातू पुढच्या चाकाशी वाकला आणि मधल्या चकतीवर बोट ठेवून एकेक अक्षर लावू लागला.

"आबा, हितं फ्री लिवलंय."

"फ्री म्हंजी?"

"फुकट."

आबांनी माझ्याकडे जी नजर टाकली ती अजून पाठ सोडत नाही. "पाव्हणं, पुडली चाकं फुकट हायती तुमची."

बऱ्याच जुन्या फोर बाय फोर गाड्यांना पुढच्या चाकांवर लॉकिंग हब असतात. खाली उतरून, दोन्हीकडच्या चकत्या हाताने फिरवून 'फ्री'वरून 'लॉक'वर आणायच्या. नाही आणल्या तर लिव्हर बसतो, दिवा लागतो, आतला शाफ्टही फिरतो, फक्त चाकाला काही कळत नाही. वर फोर-एलचा सगळा भार एकट्या मागच्या ॲक्सलवर. तो तुटला नाही, एवढंच नशीब. मी चिखलात गुडघे टेकून चकत्या फिरवल्या. गाडी मुकाट बाहेर आली.

फाट्यापर्यंत आबांना सोडणं भाग होतं. वाटेत ते बोलले, पण विनोद नाही केला. फाट्यावर या रस्त्याच्या कामाचा फलक आहे, लांबी, रक्कम, सगळं नीट रंगवलेलं. रस्ता तेवढा नाही. गेल्या पावसात म्हातारीला खाटेवर घालून चौघांनी फाट्यापर्यंत आणलं होतं. मी शेतघराच्या हौसेपायी हत्ती पाळतो, आणि यांना साधी खडी मिळत नाही. चीड येते ती इथे.

डांबरी लागली आणि वळणावर गाडी झटके देऊ लागली. मी लो काढून फोर-एच टाकलं होतं, आणि ते तसंच राहिलं होतं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. या गाडीत पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना जखडलेला. चिखलात चाकं घसरून तो हिशेब मिटवतात, डांबरावर तो पीळ आतच साठतो. लिव्हर आता टू-एचला, म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांवर, येईना.

"लंगडती का वो?" आबा.

दहा फूट सरळ रिव्हर्स घेतली. खट्. लिव्हर सुटला. हबही मोकळे करायचे होते, म्हणून पुन्हा पावसात उतरलो, डावीकडची चकती फिरवली, उजवीकडची फिरवली.

खिडकीची काच खाली आली.

"केली का परत फुकट?"