कॉन्स्टंटाईनच्या नाण्यावर सूर्यदेव आहे, येशू नाही. आणि नाणं चिंचेत टाकू नका

सध्या फिरणारा मेसेज असा: "312 साली सम्राट कॉन्स्टंटाईन ख्रिस्ती झाला आणि लगेच रोमन नाण्यांवरचे जुने देव गेले. तेजोवलय असलेला पुरुष म्हणजे येशू. क्रॉस दिसत नसेल तर नाणं रात्रभर चिंच-मिठात ठेवा." घरच्या ग्रुपवर हे वाचून नाणी जमवू लागलेल्या भाच्याने चिंच भिजत घातलीसुद्धा.

आधी चिंचेचंच बोलू. देवपूजेची तांब्याची भांडी चिंचेने लखलखतात, कारण काळपट थराखाली धातू अखंड असतो. सतराशे वर्षं मातीत पडलेल्या कांस्याच्या नाण्यात चेहऱ्याच्या रेषा आणि अक्षरांच्या कडा बहुतेकदा त्या हिरव्या-तपकिरी थरातच टिकलेल्या असतात. आम्लाने थर विरघळला की हाती खडबडीत, गुलाबीसर चकती उरते. चांदीचा मूळ मुलामा कुठे शिल्लक असेल तर तोही जातो. मीठ त्याहून वाईट. त्यातलं क्लोराइड छिद्रांत शिरतं, दमट हवेत फिकट हिरवी भुकटी सुटते आणि नाणं आतून पोखरत जातं. आपल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला, भिंगाखाली लाकडी टूथपिकने माती सोडवा. मग पूर्ण वाळवून सिलिका जेलसोबत हवाबंद डबीत ठेवा. माती हटत नसेल तर थांबा, जोर लावू नका.

आता तो "येशू". डोक्यावर किरणांचा मुकुट, उजवा हात उंचावलेला, डाव्या हातात गोल, आणि कडेने चक्क लिहिलेलं: 'सोली इन्विक्टो कोमिती', म्हणजे सम्राटाचा सोबती असलेल्या अजिंक्य सूर्याला. नाव कोरलेलं असताना आणखी कुठला पुरावा हवा?

312 चंही तसंच. नाणेतज्ज्ञ पॅट्रिक ब्रून यांनी 'रोमन इम्पीरियल कॉइनेज' या रोमन नाण्यांच्या सूचीच्या सातव्या खंडात (1966) 313 ते 337 ची नाणी टांकसाळवार लावली आहेत. लंडन, त्रीर, आर्ल, रोम, यांपैकी कुठलंही प्रकरण उघडा, सूर्यदेव पुढची कित्येक वर्षं कांस्यावर छापला जातोय.

एवढं मात्र मान्य करावं लागेल: ख्रिस्ती चिन्ह कॉन्स्टंटाईनच्याच काळात आलं. 315 च्या चांदीच्या पदकावर शिरस्त्राणावर इवलंसं 'खाय-रो' आहे, म्हणजे ग्रीकमधल्या 'ख्रिस्त' शब्दाची पहिली दोन अक्षरं गुंफून केलेलं चिन्ह. कॉन्स्टँटिनोपलच्या 327 च्या कांस्य नाण्यावर सापाला भोसकणाऱ्या ध्वजाच्या टोकावर तेच. पण ही नाणी दुर्मिळ आहेत. नाण्याची अख्खी बाजू व्यापणारं 'खाय-रो' मॅग्नेन्टियस या नंतरच्या सम्राटाने छापलं, कॉन्स्टंटाईन 337 मध्ये वारल्यानंतर दीड दशकाने. आणि खुद्द कॉन्स्टंटाईनच्या मरणोत्तर नाण्यांवर त्याला 'दिवुस' म्हटलंय. देवपदाला गेलेल्या सम्राटांची ही जुनीच रोमन पदवी.