पैसे टाकलेत, बघा

माझा सोफे आणि गालिचे धुण्याचा छोटासा व्यवसाय आहे. कसलाही डाग तासाभरात निघतो. पैसे निघायला महिना लागतो.

"पैसे टाकलेत, बघा." हे वाक्य मला रोज ऐकू येतं. 'दिले' नाही, 'भरले' नाही, 'टाकले'. विहिरीत खडा टाकावा तसे. मग आत वाकून बुडबुडे शोधायचं काम माझं.

टाकल्याचा पुरावा म्हणून स्क्रीनशॉट येतो. त्यावर हिरवीगार बरोबरची खूण. मी भोळेपणाने आभार मानायचो. एकदा चष्मा लावून पाहिलं, तर खाली बारीक अक्षरात 'शेड्यूल्ड' आणि तारीख पुढच्या महिन्याची. आता चष्मा लावल्याशिवाय मी कुणाचे आभार मानत नाही.

खाते क्रमांक चुकेल ही भीती असते, पण त्यावर शहाण्या माणसांनी तोड काढलेली आहे. अनेक देशांत चालणारा आयबॅन नावाचा क्रमांक ३४ अक्षरांपर्यंत लांब असू शकतो आणि त्यातले दोन आकडे केवळ पडताळणीचे असतात. पहिली चार अक्षरं शेवटी नेऊन, अक्षरांचे आकडे करून सगळ्याला ९७ने भागलं की बाकी १ उरलीच पाहिजे. एक आकडा चुकला तरी पितळ उघडं! गिऱ्हाइकाला ९७ने भागायची सोय मात्र अजून निघालेली नाही. आणि भागलं तरी बाकी उरणारच. ती माझ्या वहीत असते.

खरी गंमत रेफरन्सच्या रकान्यात आहे. बँकांच्या आयएसओ २००२२ या संदेशपद्धतीत मजकुरासाठी १४० अक्षरांची जागा ठेवलेली असते. मला बिल नंबर हवा असतो. तो बिलावर ठळक छापतो, खाली रेघ मारतो, फोनवर दोनदा सांगतो. तरी लोक लिहितात 'पेमेंट'. एकाने लिहिलं 'तेच'. एक आजोबा टिंब टाकतात. मला त्यांचं टिंब आता ओळखू येतं, म्हणून त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

गेल्या महिन्यात खात्यात रक्कम आली आणि रेफरन्समध्ये लिहिलं होतं 'सोफा'. सोफा धुणाऱ्याला 'सोफा'! पाठवणारा कुठलासा एंटरप्रायझेस, मी जन्मात न ऐकलेला. रकमेशी तीन बिलं तंतोतंत जुळत होती आणि तिन्ही थकलेली.

पहिल्या गृहस्थांना फोन करून मी मूर्खासारखं विचारलं, "साहेब, हे जमा झालेले पैसे तुमचेच ना?"

"हो हो, माझेच." अर्ध्या सेकंदात उत्तर. सापडलेल्या पाकिटाचा मालक कोण असं गर्दीत ओरडून विचारावं, तसं झालं हे.

दुसऱ्या बाईंशी मी सावध बोललो. "मॅडम, तुमचं बिल..."

"अहो, कधीच दिलंय!"

"कुठल्या खात्यातून?"

"ते आमचे हे बघतात."

त्यांचे 'हे' म्हणाले, मुलाला सांगितलं होतं. मुलगा म्हणाला, आईने केलं असेल. अख्खं कुटुंब मला गोल फिरवून पुन्हा मॅडमपाशी सोडून गेलं. तिसरे काका एवढंच म्हणाले, "माझे नाहीत. मी अजून दिलेले नाहीत." इतका प्रामाणिक माणूस भेटल्यावर पैसे मागायची लाज वाटली. मागितले नाहीतच.

मग मी निकाल दिला. साहेबांनी आधी हक्क सांगितला, म्हणून पैसे त्यांच्या नावे. पावती पाठवली, वर 'आपल्या तत्परतेबद्दल धन्यवाद' असंही लिहिलं. साहेबांनी अंगठा पाठवला.

चार दिवसांनी मेव्हण्याचा फोन. आवाज चढलेला. "भाऊजी, पैसे मिळाल्याची पोच तरी द्यायची!"

"कसले पैसे?"

"अहो, तीन वर्षांपूर्वी मी सोफा घेतला, तेव्हा तुम्ही दिले होते ना? नव्या धंद्याच्या खात्यातून पाठवले. लिहिलंही होतं की स्पष्ट, सोफा म्हणून!"

ती उसनवारी मी केव्हाच बुडीत खात्यात टाकून विसरलो होतो. मेव्हण्याची क्षमा मागितली. आता साहेबांना फोन करून सांगायचंय की तुम्ही दिलेले पैसे तुम्ही दिलेले नाहीत. तीन दिवस झाले, वाक्य जुळवतोय.