डेबियन 'जुनं' आहे म्हणून असुरक्षित? फॉरवर्डमधला एकेक मुद्दा बघू

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय, की डेबियन (लिनक्सवर चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकू नका, त्यातलं सॉफ्टवेअर दोन-दोन वर्षं जुनं, सिक्युरिटी अपडेट येत नाहीत, मागे कंपनी नाही म्हणजे जबाबदार कोणी नाही, अपडेट कळायला टर्मिनलचा किडाच असावं लागतं, आणि वायफाय तर चालतच नाही. नवीन पोरं हे वाचून घाबरतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी जुनेपणाचं. स्टेबलमध्ये, म्हणजे डेबियनच्या रोजच्या वापरासाठीच्या पक्क्या रिलीजमध्ये, व्हर्जन गोठवलेलं असतं हे खरंय, पण दुरुस्त्या थांबत नाहीत. जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएचमध्ये (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायचं सॉफ्टवेअर) 'रिग्रेशन' नावाने गाजलेली त्रुटी सापडली, मूळ प्रोजेक्टने ती ९.८ मध्ये दुरुस्त केली, डेबियन १२ मध्ये होतं ९.२, तर सिक्युरिटी टीमने तेवढीच दुरुस्ती उचलून ९.२ मध्ये बसवली आणि पॅकेजच्या नावाला शेपूट लावलं 'डेब१२यू३'. मूळ व्हर्जनचा आकडा ९.२ च राहिला, म्हणून नुसता आकडा वाचणारे स्कॅनर आजही अशी मशीन लाल दाखवतात आणि ऑडिटमध्ये लोकांची उगाच धावपळ होते. त्याहून जुन्या डेबियन ११ मधल्या ८.४ ला तर ही त्रुटी लागूच नव्हती.

आणि नवीन म्हणजे सुरक्षित हेही खरं नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल कॉम्प्रेस करायच्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मुद्दाम घुसवलेलं बॅकडोर (चोरवाट) सापडलं, आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरला डेबियन सिडवर (सगळ्यात नवं सॉफ्टवेअर आधी येतं ती चाचणीची शाखा) एसएसएच लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय एवढ्यावरून शंका आली. तेव्हा स्टेबलमध्ये होतं ५.४.१, त्यामुळे स्टेबलवाले वाचले.

खरा आक्षेप घ्यायचा तर २००८ चा घ्या. डेबियनच्याच एका पॅचमुळे (कोडमधल्या बदलामुळे) ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीचे रँडम नंबर कमकुवत झाले होते, जवळपास दोन वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही आणि शेवटी लोकांना त्यावर बनलेल्या कीज (लॉगिन-एन्क्रिप्शनच्या गुप्त किल्ल्या) नव्याने बनवाव्या लागल्या. आपले पॅच लावण्यात धोका असतो, हे मला मान्य आहे.

जबाबदार कोणी नाही म्हणता? प्रत्येक पॅकेजवर ते सांभाळणाऱ्या मेंटेनरचं किंवा टीमचं नाव असतं, बग सगळ्यांना दिसतात, तीन वर्षं नेहमीचा सिक्युरिटी सपोर्ट आणि पुढे दोन वर्षं एलटीएस (लांब मुदतीचा सपोर्ट), ज्याच्या कामाला कंपन्या पैसेही देतात.

अपडेटवर लक्ष ठेवायला किडा असायची काहीच गरज नाही. ग्नोम डेस्कटॉपवर 'सॉफ्टवेअर' ॲप स्वतःच सांगतं. सर्व्हर असेल तर 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' सिक्युरिटीचे अपडेट आपोआप टाकतं, 'एपीटी-लिस्टचेंजेस' काय बदललं ते आधी दाखवतं, आणि 'नीडरीस्टार्ट' तर टाकाच, कारण लायब्ररी बदलली तरी चालू असलेली सर्व्हिस मेमरीतली जुनीच वापरत राहते आणि आपण अपडेट झालं म्हणून निर्धास्त बसतो. एखाद्या त्रुटीचा सीव्हीई नंबर (प्रत्येक जाहीर त्रुटीला मिळणारा ओळख क्रमांक) कानावर आला तर डेबियनच्या सिक्युरिटी ट्रॅकरवर टाका, कुठल्या रिलीजमध्ये दुरुस्त झाली आणि कुठे बाकी आहे ते सरळ दिसतं.

राहिलं वायफाय. ही तक्रार पूर्वी रास्त होती, पण २०२२ मध्ये डेव्हलपरांनी मतदान करून नियम बदलला आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून लागणारं फर्मवेअर (वायफाय कार्डसारखं हार्डवेअर चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतं, वेगळी आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) शोधावी लागत नाही.