रोव्हर्सच्या चाहत्यांना कृतघ्न म्हणणं बंद करा

पुण्यात कुठेही फुटबॉलचा विषय निघाला आणि मी इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न रोव्हर्स या क्लबचा सपोर्टर आहे असं कळलं, की पुढचं बोलणं ठरलेलं असतं. "म्हणजे आपल्या वेंकीजचा क्लब ना?" (वेंकीज म्हणजे पुण्याच्या राव कुटुंबाची कोंबड्यांची कंपनी, या क्लबची मालक.) आणि पाठोपाठ, "काय नालायक पब्लिक आहे रे तिकडचं! आपल्या माणसांनी एवढे पैसे ओतले आणि हे लोक त्यांनाच शिव्या घालतात. जिंकले की टाळ्या, हरले की मोर्चा. गोऱ्यांना हिंदुस्थानी मालक सहनच होत नाही." ऑफिसच्या कँटीनमध्ये हेच, लग्नाच्या पंगतीत हेच, शाळेच्या ग्रुपवर हेच. बोलणाऱ्यांपैकी एकानेही रोव्हर्सचा एक सामना धड पाहिलेला नसतो. इवुड पार्क हे क्लबचं मैदान कुठल्या परगण्यात आहे हेही त्यांना ठाऊक नसतं. तरी निकाल देऊन मोकळे!

वैताग आलाय मला याचा. म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

हो, रोव्हर्सच्या चाहत्यांचं मालकांबद्दलचं मत बदललं. एकदा नाही, चार-पाचदा बदललं. आणि दर वेळी त्याला कारण होतं. ते कारण मालकांनी दिलं होतं.

आधी हे समजून घ्या की या गावाला चांगला मालक म्हणजे काय ते माहीत आहे. जॅक वॉकर ब्लॅकबर्नचाच. पोलादाच्या धंद्यात मोठा झाला, धंदा विकला आणि 1991 मध्ये लहानपणापासून ज्या क्लबवर जीव होता तो ताब्यात घेतला. तेव्हा संघ दुसऱ्या श्रेणीत होता. त्याने मॅनेजर म्हणून केनी डॅल्ग्लिशला आणलं, गोल करायला ॲलन शिअररला आणलं, मैदान नव्याने बांधून काढलं, आणि 1995 मध्ये सव्वा लाखाच्या आतबाहेर वस्तीचं ते गिरणगाव मँचेस्टर युनायटेडला मागे टाकून इंग्लंडचं विजेतं झालं. 2000 मध्ये वॉकर गेला. त्याचा पुतळा मैदानाबाहेर आहे. तेव्हा या लोकांना मालकाचा आदर कसा करायचा हे शिकवायला आपण जाऊ नये.

नोव्हेंबर 2010. वॉकर कुटुंबाच्या ट्रस्टकडून वेंकीजने 2 कोटी 30 लाख पौंडांना क्लब विकत घेतला. सिंहगड रस्त्यावरच्या ऑफिसातून प्रीमियर लीगचा, म्हणजे इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीचा क्लब चालणार म्हणून इथे पेपरात मोठे मथळे आले, आणि मलाही आनंद झाला होता, मनापासून. तिकडेही स्वागतच झालं. ट्रस्टला क्लब पुढे चालवायचा नव्हता, गिऱ्हाईक मिळत नव्हतं, आणि हे कुटुंब तयार झालं. चाहत्यांनी टाळ्या वाजवल्या. गोऱ्यांना हिंदुस्थानी मालक खपत नाही म्हणणाऱ्यांनो, त्या पहिल्या महिन्याचं काय करायचं?

आणि ब्लॅकबर्न गाव कसलं आहे तेही बघा. भरूच-सुरतकडून गेलेल्या गुजराती मुसलमानांच्या तीन-तीन पिढ्या तिथे नांदताहेत, पाकिस्तानी आहेत, दर तिसरा माणूस आशियाई वंशाचा आहे. गॅलरीत कोणी वंशद्वेषी बोललं असेल तर त्याची लाज त्याला. पण त्याच्या आड लपून बाकी हजारोंचा राग खोटा ठरवता येणार नाही.

महिनासुद्धा झाला नव्हता. 13 डिसेंबरला मॅनेजर सॅम अलार्डाइसला काढलं. संघ तेराव्या क्रमांकावर होता! तेरावा म्हणजे त्या क्लबसाठी सुखाचा संसार. त्याच्या जागी बसवला स्टीव्ह कीन, ज्याने आयुष्यात कुठल्याही संघाचं मॅनेजरपद सांभाळलेलं नव्हतं. रोनाल्डिन्यो येणार, बेकहॅम येणार अशा गप्पा सुटल्या. क्लब वर्षानुवर्षं नीट चालवणारे चेअरमन जॉन विल्यम्स काही आठवड्यांतच बाहेर पडले. क्लबमध्ये फुटबॉल कळणारी जी माणसं होती ती एकेक करून गेली आणि निर्णय पुण्यातून होऊ लागले, तेही एजंट लोकांच्या सल्ल्याने. मग ती जाहिरात आली, खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसून कोंबडी खाताहेत. 2011 च्या ऑक्टोबरात संघाची हालत बिकट असताना हंगामाच्या मध्यावर त्यांना विमानात घालून बालेवाडीला पुणे एफसीशी मैत्रीचा सामना खेळायला आणलं. आपण इथे खूश झालो. तिकडचा माणूस विचारत होता की हे सरावाचे दिवस आहेत, हे काय चाललंय? त्याचं चुकलं कुठे?

7 मे 2012 ला घरच्या मैदानावर विगनकडून 1-0 ने हरून रोव्हर्स प्रीमियर लीगमधून खाली गेले. त्या सामन्यात कोणीतरी मैदानात कोंबडी सोडली. ती क्लिप आपल्याकडे अजून फिरते, खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. मला ती बघून एकदाही हसू आलेलं नाही. त्या रात्री अकरा वर्षांची प्रीमियर लीग संपली. इथल्या हसणाऱ्यांना ती कोंबडी दिसते, मागच्या स्टँडमधला रडणारा म्हातारा दिसत नाही.

पुढचा हंगाम आठवला तरी अंगाचा तिळपापड होतो. सप्टेंबरात कीन गेला. हेनिंग बर्ग आला, त्याच क्लबचा 1995 चा विजेता खेळाडू, आणि 57 दिवसांत त्याला हाकललं. करारातली भरपाई मिळवायला त्याला कोर्टात जावं लागलं आणि क्लबला वीस लाख पौंडांहून जास्त रक्कम द्यावी लागली. मग मायकेल ॲपलटन, 67 दिवस. जॉर्डन ऱ्होड्सवर 80 लाख पौंड खर्च केले, तो गोल करत राहिला, पण बाकी पगाराचा डोंगर एवढा की 2014 च्या डिसेंबरात क्लबने खर्चाचे नियम मोडले म्हणून लीगने खेळाडू विकत घ्यायलाच बंदी घातली. "एवढा पैसा ओतला" म्हणता ना? ओतला, हे खरंच आहे. आजवर वीस कोटी पौंडांच्या वर गेलाय आणि मी तो नाकारत नाही. पण त्यातला कितीतरी पैसा स्वतः खणलेले खड्डे बुजवण्यात गेला. 2017 मध्ये शेवटच्या दिवशी ब्रेंटफर्डला 3-1 ने हरवूनही केवळ गोलफरकावर रोव्हर्स तिसऱ्या श्रेणीत गेले. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिसऱ्या श्रेणीत जाण्याची ती पहिली वेळ होती.

आता इथून पुढे जे झालं ते तुम्हाला कोणी सांगत नाही, कारण ते तुमच्या कृतघ्नपणाच्या गोष्टीत बसत नाही.

चाहते नरमले. खरंच नरमले. मॅनेजर टोनी मोब्रेने एका वर्षात संघ परत वर आणला. मालकांनी त्याला वेळ दिला, ढवळाढवळ बंद केली, दर वर्षीचा तोटा गुपचूप भरत राहिले. 2019 मध्ये शेजारच्या बरी क्लबला लीगमधून काढून टाकलं, बोल्टनचं दिवाळं निघता निघता राहिलं. ही दोन्ही गावं ब्लॅकबर्नपासून हाकेच्या अंतरावर. ते बघून इवुडवरची माणसं उघडपणे म्हणू लागली की आपले मालक निदान पगार तरी वेळेवर देतात. कोविडच्या वर्षी मैदानं रिकामी असताना क्लब तगला तो पुण्याहून आलेल्या पैशावर, आणि तेही चाहत्यांनी बोलून दाखवलं. ज्यांना तुम्ही कृतघ्न म्हणता त्यांनी तिसऱ्या श्रेणीत ढकलणाऱ्या मालकांना माफ केलं होतं. आपल्यातल्या कितीजणांनी केलं असतं?

आणि मग परत तेच!

2023 चा जानेवारी. बढतीची संधी समोर. लुईस ओब्रायनला लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबकडून तात्पुरतं घ्यायचं ठरलं, कागदपत्रं वेळेत गेली नाहीत, व्यवहार फिसकटला. हंगाम संपला तेव्हा सहाव्या सुंदरलँडचे 69 गुण आणि सातव्या रोव्हर्सचेही 69. गोलफरकावर प्ले-ऑफ, म्हणजे पहिल्या सहांत येणाऱ्यांना मिळणारी बढतीची शेवटची संधी, हुकला. एक खेळाडू कमी पडला असं म्हणायला जागा आहे की नाही? बरं, यातून काही शिकले? पुढच्याच वर्षी डंकन मॅग्वायर अमेरिकेहून येऊन बसला आणि पुन्हा कागदपत्रांत चूक. त्याच दिवसांत ॲडम व्हॉर्टन क्रिस्टल पॅलेसला विकला. गावातच जन्मलेला, वयाच्या सहाव्या वर्षापासून क्लबच्या अकादमीत वाढलेला पोरगा. काही महिन्यांत तो इंग्लंडच्या युरो संघात होता, आणि 2025 मध्ये पॅलेसकडून एफए कप जिंकला. क्लबला पैसा लागतो, खेळाडू विकावे लागतात, हे मला मान्य आहे. पण विकल्यावर आलेला पैसा संघात दिसायला नको? त्याआधीच्या उन्हाळ्यात मॅनेजर योन डाल टोमासनला दिलेलं बजेट कापलं होतं. तोही कंटाळून गेला. जॉन युस्टेस आला, 2025 च्या फेब्रुवारीत त्याने संघ पाचव्या नंबरवर ठेवला होता, आणि पाचव्या नंबरचा संघ सोडून तो खाली जायच्या वाटेवर असलेल्या डार्बीला निघून गेला. जरा विचार करा, बढतीच्या शर्यतीतला मॅनेजर तळातल्या क्लबकडे जातो म्हणजे आत काय परिस्थिती असेल! रोव्हर्स पुन्हा सातवे.

भारतातल्या न्यायालयात चाललेल्या प्रकरणामुळे परदेशी पैसे पाठवायला मालकांना परवानग्या आणि हमी लागत होत्या, ही अडचण खरी होती. त्या प्रकरणात कोण बरोबर ते न्यायालय बघेल. पण अडचण होती तर चाहत्यांसमोर येऊन सांगायचं ना. सीझन तिकीट काढणाऱ्या माणसाला एवढंही कळायचा हक्क नाही? मला सगळ्यात जास्त संताप येतो तो या मौनाचा. हे कुटुंब वर्षानुवर्षं इवुडकडे फिरकलेलं नाही. मुलाखत नाही, सभा नाही, पत्र नाही. पैसे पाठवले की जबाबदारी संपली.

चाहत्यांची मतं हवेसारखी फिरतात म्हणणाऱ्यांना आर्सेनलचं उदाहरण देतो, कारण पुण्यात आर्सेनलवाले गल्लोगल्ली आहेत. 2021 च्या एप्रिलमध्ये मोठ्या क्लबांनी स्वतःची वेगळी सुपर लीग काढायचा घाट घातला, त्यानंतर हजारो लोक आर्सेनलच्या एमिरेट्स मैदानाबाहेर मालक क्रोएंकेला हाकला म्हणून ओरडत होते. आज तो आवाज जवळजवळ बंद आहे. का? मालकाचा मुलगा जॉश लक्ष घालू लागला, मॅनेजर आर्टेटावर वाईट काळातही विश्वास ठेवला, डेक्लन राइस या खेळाडूसाठी दहा कोटी पौंड मोजले. मालक वागायला लागला तसं मत बदललं. त्या चाहत्यांना तुम्ही समंजस म्हणता. मग ब्लॅकबर्नच्यांनाच शिव्या का? मालक पुण्याचा आहे म्हणून? आपल्या गावच्या माणसाची बाजू घ्यायची म्हणून दुसऱ्या गावाचं दीडशे वर्षांचं दुःख खोटं ठरवायचं? 1875 चा क्लब आहे तो. 1888 ला फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या बारा क्लबांपैकी एक.

2025 च्या सप्टेंबरात इप्सविचविरुद्ध रोव्हर्स 1-0 ने पुढे होते, समोर दहाच खेळाडू उरले होते, जेमतेम दहा मिनिटं बाकी, आणि मैदानात पाणी तुंबलं म्हणून सामना थांबवला. लीगने पहिल्यापासून पुन्हा खेळायला लावला. पावसाला मी दोष देत नाही. पण ब्लॅकबर्नच्या लँकेशायर परगण्यात पाऊस पडतो हे काय नवीन आहे? पाण्याचा निचरा होईल असं मैदान ठेवणं हे मालकांचंच काम ना?

पण माझ्या डोक्यातून जात नाही ती गोष्ट वेगळीच आहे. 2025 च्या मे महिन्यात क्लबने महिलांचा संघ दुसऱ्या श्रेणीतून काढून घेतला. लीगने सोयीसुविधांच्या अटी घातल्या होत्या, त्यासाठी लागणारा पैसा घालायला मालक तयार नव्हते. संघ थेट चौथ्या पातळीवर. किएरा वॉल्श, जॉर्जिया स्टॅनवे याच क्लबमधून पुढे जाऊन इंग्लंडसाठी युरो जिंकल्या आहेत. पुरुषांच्या एका मध्यम खेळाडूच्या पगारात जे भागलं असतं ते वाचवलं आणि पोरींना वाऱ्यावर सोडलं. त्यानंतर मोर्चे पुन्हा सुरू झाले, फलक पुन्हा निघाले, आणि मी त्यांच्याबरोबर आहे. पुण्यात बसून आहे, पण त्यांच्याबरोबर आहे. राव कुटुंबातल्या एकाने तरी विमानात बसावं, इवुडच्या त्या हॉलमध्ये चाहत्यांसमोर उभं राहावं, क्लब ठेवायचाय की विकायचाय ते सांगावं, आणि सगळ्यात आधी त्या मुलींच्या संघाचं काय केलंत याचं उत्तर द्यावं.