घरामागे अडीच लाख, पण घर कुठं?

सुन्याचा काल कट्ट्यावर एकच हेका, की घरांसाठी सरकारचा पैसा येतो ना, मग तो गरज जिथं आहे तिथंच लागला पाहिजे, चऱ्होलीसारख्या शहराच्या टोकाला नाही, पिंपरी-चिंचवड काय भिकारी महापालिका आहे का? मी म्हटलं बाबा, आधी तो पैसा येतो कसा ते बघ. पंतप्रधान आवासमध्ये केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे घरामागे अडीच. चऱ्होली असो नाहीतर लातूर, आकडा तोच. लातुरात ज्याची स्वतःची जागा आहे त्याला अडीच लाखात निदान बांधकाम सुरू तरी करता येतं, इथं तेवढ्यात पार्किंग येत नाही. मग पालिका काय करणार, डीपीत (शहराच्या विकास आराखड्यात) ईडब्ल्यूएसचं, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या घरांचं, आरक्षण असलेली जागा शोधणार आणि तिथं बिल्डिंग उभ्या करणार. चऱ्होलीत 1442 घरं, बोऱ्हाडेवाडीत 1288, रावेतला 934, पालिकेच्या प्रकल्पांचे हे आकडे माणसं मोजून नाही आले, प्लॉट मोजून आलेत, माझं तरी हेच मत.

"अरे पण घर कुणाला हवंय याचा डिमांड सर्व्हे झाला होता ना?" राहुल.

झाला की. पण थेरगावात धुणीभांडी करणाऱ्या बाईचं नाव त्यात आलं तरी घर मिळणार चऱ्होलीला, आणि तिची कामं राहणार थेरगावातच. पहाटे पाचला निघायचं का तिनं?

काका (पालिकेतून रिटायर, त्यामुळे शेवटचा शब्द आपलाच असं त्यांना वाटतं) म्हणाले, तुम्हाला बोलायला काय जातंय, पैसा 40-40-20 अशा हप्त्यांत येतो, आधीच्या हप्त्याचं विनियोग प्रमाणपत्र (पैसा खर्च झाल्याचा दाखला) गेल्याशिवाय पुढचा येत नाही, झोपडपट्टीत हात घातला की पात्रता, संक्रमण शिबिर, कोर्ट, आणि पैसा पडून राहिला की तुम्हीच ओरडणार. मोकळ्या जागेवर निदान डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, तरी पटकन होतो.

"मग रावेत कुठं अडकलं होतं? कोर्टातच ना?" वैशाली. काका गप्प. पण अर्धाच मिनिट.

मग वैशालीनं जे काढलं ते मला सगळ्यात पटलं. अट काय, तर कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 3 लाखांच्या आत. घर 30 चौरस मीटर, म्हणजे साधारण 323 स्क्वेअर फूट, आणि लाभार्थ्यानं भरायचे सात लाखांच्या आसपास. फॉर्म भरताना उत्पन्न कमी आहे म्हणून तुम्ही पात्र, आणि लोनला बँकेत गेलात की तेच उत्पन्न कमी म्हणून बाहेर! त्यात रिक्षावाला, भाजीवाली, कंत्राटी कामगार यांनी सॅलरी स्लिप आणायची कुठून. तिचं म्हणणं, या लोकांना विकत घर देऊच नका, भाड्याची घरं बांधा, कामाच्या जवळ.

यावर काका उसळलेच. भाडं कोण गोळा करणार, तू? एमएमआरडीएनं (मुंबईचं विकास प्राधिकरण) 2008 ला 160 चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली होती, झालं काय, तर पनवेलजवळच्या कोनमधली ती घरं दोन-दोन जोडून 2016 ला गिरणी कामगारांना लॉटरीत विकली. हे खरंच आहे, पण ती पण शहराच्या टोकालाच होती हे काका सोयीस्कर विसरले.

राहुलनं मधेच सोलापूरचं रे नगर आणलं, 30 हजार घरांचा प्रकल्प. भारीच आहे ते, वादच नाही, पण तिथं बिडी कामगार आधीपासून संघटित होते, त्यांचीच संस्था पुढं झाली. आपल्याकडचे भाडेकरू दर अकरा महिन्यांनी पत्ता बदलतात, त्यांची संस्था कोण काढणार?

आता 2024 पासून आवास 2.0 आहे, देशभरात 1 कोटी घरं, आणि त्यात भाड्याच्या घरांचा पण भाग आहे. सुन्या म्हणतो, यावेळी आधी वॉर्डात भाडेकरू मोजा, मग जागा शोधा. काका म्हणाले, मोजा की, पण थेरगावात मोकळी जागा दाखव मला एक. वैशालीनं मोबाइलवर डीपीचा नकाशा उघडला आणि शाळेचं, मंडईचं, पार्किंगचं आरक्षण एकेक करून दाखवायला लागली, काका प्रत्येकाला "ताब्यात नाही" म्हणत राहिले. मी निघालो तेव्हा सातव्या आरक्षणावर होते.