एमओटीडीतल्या इशाऱ्याने घुसखोर थांबत नाही

लिनक्स शिकणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक सल्ला बराच फिरतोय. थोडक्यात असा: एटसी डिरेक्टरीतल्या एमओटीडी (‘मेसेज ऑफ द डे’, म्हणजे लॉगिन करताना दिसणारा दिवसाचा संदेश) फाइलमध्ये ‘अनधिकृत प्रवेशास मनाई’ लिहा, घुसखोर दारातूनच परत जाईल. ‘वेलकम’ मात्र लिहू नका, त्या एका शब्दामुळे एक हॅकर कोर्टातून सुटला होता. मेसेज दिसला नाही तर बॅशआरसीत (बॅश, म्हणजे कमांड घेणारा शेल, सुरू होताना वाचतो ती फाइल) इको, म्हणजे मजकूर छापणारी कमांड, टाका. नुसती सजावट आहे, बिघडत काही नाही.

आधी दाराचं बघू. एमओटीडी दिसते ती पासवर्ड बरोबर निघाल्यावर, शेल हातात येण्याच्या जरा आधी. म्हणजे घुसखोर तुमचा इशारा वाचतो तेव्हा तो आत येऊन बसलेला असतो. लॉगिनच्या आधी काही दाखवायचं तर कन्सोलवर (मशीनच्या स्वतःच्या पडद्यावर) गेटी, म्हणजे लॉगिन विचारणारा प्रोग्राम, ‘इश्यू’ फाइल दाखवतं, आणि एसएसएचसाठी, म्हणजे नेटवर्कवरून दुरून लॉगिन करण्यासाठी, एसएसएचडी या त्याच्या सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये ‘बॅनर’समोर फाइलचा पत्ता द्यावा लागतो. मुळात तो बंदच असतो. दोन्हीकडे एकच फाइल वापरली की आणखी एक गंमत होते: इश्यूतल्या ‘बॅकस्लॅश एन’च्या जागी गेटी मशीनचं नाव भरतं, एसएसएचडी मात्र ती अक्षरं जशीच्या तशी छापतं. आणि पासवर्ड चाळत फिरणारे बॉट बॅनर वाचत बसत नाहीत. तो लिहायचा असतो माणसांसाठी, ‘इथे नोंद ठेवली जाते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं’ असं उद्या कुणी म्हणू नये म्हणून.

‘वेलकम’च्या खटल्यावर फार लिहिण्यासारखं नाही. पोस्टमध्ये ना कोर्टाचं नाव, ना साल. पायपुसण्यावर सुस्वागतम लिहिलं म्हणून घरफोडी माफ होत नाही.

खरा घोळ आहे बॅशआरसीत. मी स्वतः हा उद्योग केलाय. इको टाकला, लॉगिन छान दिसलं, आणि रात्रीचा एसएफटीपीवरचा (एसएसएचवरून फायली पाठवायची पद्धत) बॅकअप बंद पडला. एरर होती ‘रिसीव्ह्ड मेसेज टू लाँग’ आणि पुढे एक आकडा: १४६६२६४६७५. पाकीट एवढं मोठं कसं, म्हणून मी नेटवर्क तपासत बसलो. आकडा हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) मांडला तेव्हा ५७ ६५ ६सी ६३ निघालं, म्हणजे ‘वेलकम’च्या इंग्रजी स्पेलिंगमधल्या पहिल्या चार अक्षरांचे कोड! एसएफटीपीत प्रत्येक पाकिटाचे पहिले चार बाइट त्याची लांबी सांगतात. क्लायंटने माझं स्वागतच लांबी म्हणून वाचलं. एसएसएचडीने कमांड चालवायला बॅश सुरू केला की समोर माणूस नसला तरी तो बॅशआरसी वाचतो, हे तेव्हा कळलं. इको टाकायचाच असेल तर शेल इंटरॅक्टिव्ह आहे का (म्हणजे समोर माणूस आहे का) ते तपासणाऱ्या ओळीच्या खाली टाका, नाहीतर फक्त लॉगिनच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या बॅश-प्रोफाइलमध्ये.

बरं, मेसेज दिसत नाही याची कारणं बहुतेकदा वेगळीच असतात. होममध्ये ‘हशलॉगिन’ नावाची लपवलेली फाइल असली की सगळं गप्प. उबुंटूवर मजकूर अपडेट-एमओटीडी-डी डिरेक्टरीतल्या स्क्रिप्टमधून येतो. तिथे स्क्रिप्टच्या नावाला ‘डॉट एसएच’ जोडलं की ती वगळली जाते, तेही कुठलीही एरर न देता. एक्झिक्यूट परमिशन नसली तरी तेच.

राहिलं ‘बिघडत काही नाही’. युनिक्सच्याही आधी, १९६०च्या दशकात, एमआयटीच्या सीटीएसएसवर (अनेकांनी एकाच वेळी वापरायची जुनी सिस्टिम) एडिटरच्या तात्पुरत्या फायलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला दिवसाच्या संदेशाऐवजी सगळ्यांच्या पासवर्डची यादी दिसली. २०१० साली उबुंटू ९.१० आणि १०.०४ मध्ये एमओटीडी दाखवणाऱ्या पॅम (लॉगिन हाताळणारी यंत्रणा) मॉड्यूलला भोक निघालं: कायदेशीर सूचना दाखवून झाली याची खूण युजरच्या कॅशे डिरेक्टरीत ठेवताना ते फसायचं, आणि साधा युजर रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, होऊ शकायचा. इशाऱ्याच्याच पाटीमागून वाट! उबुंटूवरच्या त्या स्क्रिप्ट आजही लॉगिनच्या वेळी रूट म्हणून चालतात. त्यातली एखादी नेटवर्कची वाट पाहत राहिली की तुमचं लॉगिनही ताटकळतं.

तेव्हा मजकूर बदलला की चालू सेशन बंद न करता दुसऱ्या टर्मिनलवरून लॉगिन करून बघा, आणि त्याच बैठकीत एसएफटीपीने एक फाइल पाठवून बघा.